पूररेषेतली टाकी

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, जमिनीपासून सहा फूट चार इंचांवर, पेन्सिलीची एक रेघ आहे. शेजारी सासूबाईंच्या अक्षरात ‘ऑगस्ट २०१९’ एवढंच लिहिलंय. त्या वर्षी सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोक्याची. गावभागातल्या आमच्या जुन्या घरात पाणी आठ दिवस होतं. घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याला सांगून तेवढी रेघ सोडायला लावली.

त्याच घरात, त्याच रेघेखाली, मी आठ फुटांची माशांची टाकी बांधली आहे. प्लायवूडची. ऐकणारा पहिल्यांदा थांबतो आणि विचारतो, लाकडात पाणी? आणि तेही तुमच्या घरात?

खरं तर ती टाकी पुरातूनच निघाली. पाणी ओसरल्यावर आम्ही घरात शिरलो तेव्हा पुस्तकांचं कपाट ओळखू येत नव्हतं. साध्या प्लायचं होतं ते. त्याचे थर सुटून, फुगून, खारीसारखे पापुद्रे झाले होते आणि हात लावला की हातात येत होते. पलंगाचं तेच, टीव्हीच्या कपाटाचंही तेच. ओट्याखालची दारं मात्र जशीच्या तशी उभी होती. चिखल धुतला, बिजागऱ्यांना तेल सोडलं आणि ती पुन्हा लागायला लागली. सुतारमामांनी बारा वर्षांपूर्वी हट्टाने मरीन प्लाय वापरला होता. तेव्हा पैसे जास्त लागले म्हणून मी कुरकुर केली होती.

मी मामांना विचारलं, हे टिकलं कसं? ते म्हणाले, “ताई, ह्यातला डिंक उकळला तरी सुटत न्हाई. पर लाकूड पाणी पिणारच. लाकडाची जातच ती.”

ही गोष्ट नीट समजायला मला नंतर बराच वेळ लागला. मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला, ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. त्याचे थर फिनॉल फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाने चिकटवलेले असतात. साध्या प्लायला युरिया फॉर्मल्डिहाइड लावतात, आणि ते पाण्यात हार मानतं. पण दोन्हीतलं लाकूड ते लाकूडच. मरीन प्लाय पाण्यात सुटत नाही, याचा अर्थ तो पाणी धरून ठेवतो असा नाही. दोन्हींमधलं अंतर आपल्याला भरून काढावं लागतं, आणि या टाकीचं निम्मं काम म्हणजे तेवढं अंतर भरणं.

मला मासे लहानपणापासून हवे होते. माझं माहेर शिराळा तालुक्यातलं, वारणेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठचं. त्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की दगडांना चिकटलेले मासे दिसायचे. वरून बघताना नुसती काळी सावली. ते बाजूने कसे दिसतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. वाहत्या पाण्यातला मासा बाजूने बघायचा, तर लांब टाकी हवी आणि तिच्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाणी वाहतं हवं. संपूर्ण काचेची तेवढी टाकी महाग पडते, वजनही फार होतं. प्लायच्या टाकीला एकच बाजू काचेची लागते. शिवाय लाकडातून उष्णता सहज आत जात नाही. सांगलीचा उन्हाळा ४० अंशांना टेकतो आणि थंड ओढ्यातल्या माशांना ते सोसत नाही, म्हणून हा फायदा माझ्यासाठी मोठा होता.

वरच्या मजल्यावर टाकी ठेवावी असं घरातल्या प्रत्येकाने सुचवलं. पूर येतो तो खाली, म्हणून टाकी वर. मलाही ते पटलं होतं, हिशोब करेपर्यंत. पाणी, दगडगोटे, वाळू, काच, लाकूड मिळून वजन भरत होतं एकोणीसशे किलोच्या आसपास, आणि ते सगळं आठ बाय तीन फुटांवर. म्हणजे चौरस मीटरला साडेआठशे किलो. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून बांधतात. आमचं घर तर त्याहून जुनं. नदी सांगत होती वर जा आणि वजन सांगत होतं खाली राहा. मी वजनाचं ऐकलं. नदीचं काय करायचं, तो विचार पुढे कितीतरी महिने डोक्यात राहिला.

मापं प्लायच्या पत्र्यानेच ठरवली. तो आठ बाय चारचा येतो, म्हणून लांबी आठ फूट. रुंदी तीन, उंची अडीच, त्यात पाणी सव्वादोन फूट. मैत्रिणीने विचारलं, तीन फूट उंच का नाही, छान दिसेल की. त्याचं उत्तर मला फार आवडतं. पाण्याचा दाब लांबी-रुंदीवर ठरत नाही, खोलीवर ठरतो. आठ फुटांची टाकी सोळा फुटांची केली तरी तळाचा दाब तेवढाच. माझ्या टाकीच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला ६९ ग्रॅम, कारण पाण्याची उंची ६९ सेंटिमीटर. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण समोरच्या सगळ्या बाजूवर मिळून तो रेटा पावणेसहाशे किलोंच्या घरात जातो. लांबी दुप्पट केली तर रेटा दुप्पट होतो, खोली दुप्पट केली तर चौपट. पूर आलेल्या घरातल्या माणसांना हे हिशोबाशिवाय माहीत असतं. घोटाभर पाण्यात दार उघडतं. कमरेएवढ्या पाण्यात तेच दार दोन माणसांना हलत नाही.

संक्रांत झाल्यावर काम सुरू केलं, कारण आतून लावायच्या इपॉक्सीला, म्हणजे दोन द्रव मिसळले की कडक होणाऱ्या, पाणी अडवणाऱ्या लेपाला, कोरडी हवा लागते. विटांचे तीन बुटके ओटे, त्यांवर कडप्पा, कडप्प्यावर थर्माकोलची शीट. टाकीचा तळ आणि दगड यांच्यामधला बारीक उंचसखलपणा ती शीट पोटात घेते. मामांनी १९ मिलिमीटरचे पत्रे कापले, गुण्या लावून कोपरे पाहिले आणि मग मला आडवे दोन्ही कर्ण मोजायला लावले. दोन्ही सारखे आले तेव्हाच पुढे गेले. जोडात लावायला इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा कालवला, शिऱ्याइतका घट्ट. दर चार इंचांवर स्टीलचा स्क्रू. वर आडव्या दोन पट्ट्या, भिंती बाहेर फाकू नयेत म्हणून.

मामांना इपॉक्सीचा विश्वास नव्हता. त्यांचं आयुष्य सागवान, रंधा आणि पॉलिशमध्ये गेलेलं. पण त्यांचा हात असा की एकदा पद्धत कळली की तो चुकत नाही. मालवणकडे लाकडी होड्यांवर फायबरचा थर चढवतात, हे त्यांनी ऐकलं होतं. तेच आपण करणार, फक्त होडीला बाहेरून आणि टाकीला आतून, असं मी सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि ब्रश हातात घेतला.

पहिला हात पातळ. तो लाकडात मुरतो. प्लायच्या कापलेल्या कडा, जिथे थर उघडे पडतात, त्या तर पितच राहतात. तीनतीनदा लावावं लागलं. मग सगळ्या कोपऱ्यांत काचतंतूचं कापड बसवून त्यावर इपॉक्सी, ते वाळलं की पॉलिश पेपर, पुन्हा इपॉक्सी. दुसऱ्या दिवशी मी वेळ वाचवायला एकदम किलोभर मिश्रण एका मगात केलं. पाचएक मिनिटांत मग हाताला गरम लागला. मी तो खाली ठेवला तोवर त्यातून धूर यायला लागला आणि प्लास्टिकचा मग एका बाजूने वितळून झुकला. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता निघते. पातळ पसरलेलं असलं तर ती हवेत निघून जाते. ढीग असला तर ती आतच साठते आणि मिश्रण स्वतःच्या उष्णतेने आणखी भराभर तापतं. त्यानंतर दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त कधी केलं नाही, आणि केलेलं लगेच पसरट ताटात ओतत गेले.

काच बसवायचा दिवस मात्र मी विसरणार नाही. १५ मिलिमीटरची, साडेसात बाय दोन फुटांची, पन्नास किलोंहून जड. ती बाहेरून लावायची नसते. आतून, चौकटीच्या मागून बसवायची, म्हणजे पाण्याचा रेटा तिला चौकटीवर दाबत राहतो आणि सिलिकॉनला फक्त फट बुजवायचं काम उरतं. काच बाहेरून लावली तर सगळा रेटा सिलिकॉनने एकट्याने सोसायचा, आणि इपॉक्सीवर त्याची पकड काचेवर असते तेवढी पक्की नसते. चौघांनी काच आत उतरवली. नवरा, धाकटा दीर, मामा आणि मामांचा मुलगा. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा आंबट वास घरभर. हेही सांगून ठेवते: बाथरूमसाठीचं बुरशी न धरणारं सिलिकॉन वापरू नये, त्यातलं बुरशीनाशक माशांना विषच.

आठवडाभर वाळू दिलं आणि मग पाणी भरलं. रोज सहा-सात इंचच. खाली वर्तमानपत्र पसरलेलं, काचेपुढे चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेला दोरा, काच किती फुगते ते बघायला. दोन मिलिमीटर फुगली आणि थांबली. चौथ्या दिवशी पाणी पूर्ण भरलं, पाचव्या दिवशी सकाळी मी रोजच्यासारखी हात फिरवत होते. मागच्या उजव्या कोपऱ्यात, तळापासून चार बोटांवर, प्लायचा रंग किंचित गडद होता. रुपयाएवढा ठिपका. बोट लावलं तर ओलं नाही, फक्त गार. मी त्यावर बोटाने रांगोळी चोळली. दहा मिनिटांनी पांढऱ्या रांगोळीत सुईच्या टोकाएवढा राखाडी ठिपका उमटला आणि हळूहळू खाली ओघळला.

पंधराशे लिटर पाणी उपसलं. परसातल्या पपईला आणि कढीपत्त्याला त्या दिवशी मिळालं तेवढं पाणी उन्हाळ्यात कधी मिळालं नसेल. आत उतरून, गुडघे टेकून, बॅटरी तिरकी धरून मी तो कोपरा वीत वीत पाहिला. शेवटी दिसला तो ब्रशचा एक केस. इपॉक्सीत अडकून आडवा पडलेला, एक टोक लाकडात, एक टोक पृष्ठभागावर. वात जशी तेल ओढते तसा तो केस पाणी आत ओढत होता. एवढं पावणेसहाशे किलोचं गणित मी केलं होतं, आणि पाणी एका केसावरून बाहेर आलं.

सासूबाई माझ्यामागे उभ्या होत्या. त्या हरिपूरच्या, कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या. त्यांच्या लहानपणी तिथे जमिनीखाली हळदीची पेवं होती, मोठमोठे खड्डे, वर्षानुवर्षं हळद कोरडी ठेवणारे. २००५च्या पुरात त्यातल्या कितीतरी पेवांत पाणी शिरलं. त्या एवढंच म्हणाल्या, “पाण्याला वाट लागत नाही गं. ओल पुरते.”

पंधरा दिवस लाकूड वाळू दिलं, तो भाग घासून काढला, कापडाचा नवा तुकडा, दोन हात. पुन्हा भरलं. रांगोळी कोरडी राहिली. त्यानंतर एक थेंब आलेला नाही.

पुढचे सात महिने त्यात मासा नव्हता. लोकांना हे कळत नाही. पाणी भरलं की मासे सोडायचे असं वाटतं. पण माशाच्या मलमूत्रातून अमोनिया होतो आणि तो माशालाच मारतो. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर, फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यावे लागतात. त्याला महिना-दीड महिना जातो. मी चिमूट चिमूट खाद्य टाकून नुसतं पाणी पोसत होते. तपासणीच्या नळीतला अमोनियाचा हिरवा रंग एक दिवस पिवळा झाला, नायट्राइटचा जांभळा चढला, आणि पाचव्या आठवड्यात तोही उतरला. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेले.

वाहत्या पाण्याची सोय अशी: एका टोकाला वर फिल्टरची प्लायचीच पेटी. तिच्यातून दगड चिकटवलेली उतरती पन्हळ टाकीत येते आणि पन्हळीतून पाणी खळाळत पडतं. दुसऱ्या टोकाला पंप. वाळूखालच्या पाइपातून तो पाणी परत पेटीत चढवतो. आठ फूट लांबीचा हा उपयोग. पाण्याला दिशा मिळते.

मग मासे कुठले? दुकानात जाऊन आले. सुंदर मासे होते, रंगीत, देशोदेशीचे. दुकानदाराने काच साफ ठेवायला सकर मासा दाखवला. तो हातात पिशवी घेऊन उभा होता आणि माझ्या डोळ्यांपुढे भिंतीवरची ती रेघ आली. २०१९मध्ये पाणी आलं, २०२१च्या जुलैत पुन्हा आलं. पुन्हा येईल. आलं तर टाकीच्या वरून जाईल, आणि टाकीतलं सगळं कृष्णेत जाईल. हाच सकर, दक्षिण अमेरिकेतला, आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, आणि त्याला कोणी विकत घेत नाही. कोणाच्या तरी टाकीतूनच तो भीमेच्या खोऱ्यात आला असणार. पूररेषेच्या आतल्या घरात टाकी बांधायची, तर ती नदीचाच एक कोपरा आहे असं धरून बांधायला हवी. मला तरी दुसरा मार्ग दिसला नाही. म्हणून ठरवलं: या टाकीत असं काही नसेल जे नदीत गेलेलं मला चालणार नाही. दुकानातला मासा नाही, दुकानातली वनस्पती नाही, गोगलगायसुद्धा नाही.

ते मासे माहेरच्या ओढ्यातून आणायचे होते, पण चढणीला नाही. मृगाचा पाऊस पडला की मासे अंडी घालायला नदीतून ओढ्यात, ओढ्यातून शेताच्या बांधापर्यंत प्रवाहाविरुद्ध चढतात. चढणीचे मासे म्हणून ते पकडायची आमच्याकडे हौस असते. पोटात अंडी असलेला मासा तेवढ्या धडपडीने वर येतो आणि वाटेतच त्याला उचलायचं, हे मला पूर्वीही रुचत नव्हतं. दसऱ्यानंतर पाणी निवळलं तेव्हा भावाने पहाटे मोजकेच मासे धरले आणि ऊन चढायच्या आत आम्ही ते ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून सांगलीला आणले.

तासभर पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग सोडले. अर्धा दिवस काही दिसलं नाही. संध्याकाळी पन्हळीच्या खाली, जिथे पाणी सर्वांत जोरात पडतं, तिथे एक मासा दगडाला चिकटून होता. आणि मी त्याला पहिल्यांदा बाजूने पाहिलं. वीतभरही नाही, पाठ शेवाळी तपकिरी, पोट सपाट. तोंड खाली, आणि तोंडामागे मांसल चकती, तिनेच तो दगड धरतो. प्रवाह अंगावरून जातो तेव्हा तो पुढचे पर पंख्यासारखे पसरून दगडावर टेकवतो. पाणी त्याला ढकलत नव्हतं, दाबत होतं. माझ्या काचेला चौकटीवर दाबतं तसंच.

सासूबाई आल्या, चष्मा पुसला. “हा मल्या,” म्हणाल्या. “त्या खवल्या. आणि वाळूत गेली ती मुरी.” मला ओढ्यातले सगळे मासे नुसते ‘मासे’ होते. रात्री मी शोधत बसले. मल्याचं शास्त्रीय नाव निघालं गारा मुल्या. दुसऱ्यांदा वाचलं. मुल्या! विल्यम साइक्स नावाचा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी १८२०च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करत फिरत होता. इथले मासे त्याने जगाला सांगितले आणि नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडची नावं लॅटिनच्या शेजारी बसवली. १८३९पासून ती शास्त्रात आहेत: मुल्या, कोळस, खुदरी, शिंगटी, ताकरी, फुलंगी. कुठल्यातरी घाटावर कुणीतरी मासा हातात धरून सांगितलं असणार, साहेब, हा मल्या. सांगणाऱ्याचं नाव कुठेच नाही. त्याचा शब्द मात्र पावणेदोनशेहून जास्त वर्षं जगभरच्या पुस्तकांत आहे, आणि आमच्या स्वयंपाकघरातही. सासूबाईंना हे वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “नुक्ता आहे का त्यात? कपाळावर टेंगूळ असतं बघ.” होता. साइक्सने तोही नोंदवला आहे. मी तो अजून पाहिलेला नाही.

यंदा जुलैत सलग नऊ दिवस पाऊस होता. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि आयर्विनचा आकडा दर दोन तासांनी फोनवर यायला लागला. ३४. ३६. रात्री दहाला ३८. आम्ही ठरलेल्या क्रमाने सामान वर नेलं: कागदपत्रं, तांदूळ, गॅस, औषधं, गाद्या. टाकी वर जाणार नव्हती. मी ती काठोकाठ भरली. आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा उंच आहे तोवर काच चौकटीवरच दाबलेली राहते. रिकामी ठेवली तर बाहेरचं पाणी तिला उलटं, आत ढकलेल आणि लाकडी पेटी तरंगायला लागेल. जिना चढता चढता सासूबाई थांबल्या.

“झाकण काढलंस का त्यांचं?”

मल्या उडी मारतो, भिंत चढतो, म्हणून झाकणावर कायम वीट असते. मी परत गेले, वीट उतरवली, झाकण काढून ओट्यावर ठेवलं. पंप चालू होता. अंधारात पन्हळीचा आवाज येत होता आणि बाहेर तसाच पावसाचा.

पहाटे आकडा आला, ३७ फूट आठ इंच. उतार लागला होता. मी खाली गेले. फरशी कोरडी. दिवा लावून मासे मोजायला घेतले, खवल्या, मुऱ्या, मग मल्या. एक कमी. ओट्यामागे पाहिलं, फ्रिजखाली केरसुणी घालून पाहिलं. शेवटी पन्हळीकडे लक्ष गेलं आणि मी स्टुलावर चढून फिल्टरच्या पेटीत बॅटरी धरली. स्पंजाच्या वर, जिथे पंपाचं पाणी पहिल्यांदा पडतं, तिथे तो चिकटून बसला होता, कल्ले हलत होते. झाकण नसलेल्या त्या एका रात्रीत पाण्याच्या धारेविरुद्ध, दोन फुटांची पन्हळ चढून.

सासूबाईंना हाक मारली. त्या स्टुलाला धरून चवड्यांवर उभ्या राहिल्या आणि आत डोकावल्या.

“चढणीला आलाय,” म्हणाल्या. “राहू दे थोडा वेळ.”